जर्मन सैन्याने ल्युगर पिस्तूल सोडून वॉल्थर पी-३८ का घेतलं? ल्युगर खराब होतं का?

खराब नव्हतं, महाग होतं. १९०८ पासून जर्मन पायदळाकडे असलेल्या ल्युगरच्या प्रत्येक भागावर यंत्रकाम आणि हातकाम इतकं असे, की सैन्य झपाट्याने वाढू लागल्यावर तेवढी पिस्तुलं वेळेत बनवणं परवडेना. शिवाय त्याच्या वरच्या गुडघ्यासारख्या दुमडणाऱ्या सांध्याला काडतुसं ठरावीक जोराचीच लागत. काडतूस कमजोर निघालं की सांधा पूर्ण मागे जात नसे आणि पिस्तूल अडकत असे.

वॉल्थर या जर्मन कंपनीने आधी घोडा (चाप ओढल्यावर पडून बार उडवणारा हातोडीसारखा भाग) आत लपवलेला नमुना दाखवला. सैन्याला घोडा बाहेरून दिसायला हवा होता, म्हणून तो बदलला आणि त्यातून पी-३८ आलं. ९ मिमी पॅराबेलम काडतूस, ८ गोळ्यांचं मॅगझिन, सुमारे १२५ मिमीची नळी.

खरी हुशारी आत आहे. नळीखाली एक छोटा ठोकळा असतो, तो नळीला स्लाइडशी, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाशी, अडकवून ठेवतो. गोळी सुटली की नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकून थोडं अंतर सोबत मागे जातात. मग नळीखालची एक खुंटी फ्रेमवर, म्हणजे पिस्तुलाच्या खालच्या सांगाड्यावर, आपटते, ठोकळा खाली ढकलला जातो, नळी थांबते आणि स्लाइड एकटी पुढचा प्रवास करते. नळी तिरकी होत नाही, सरळ मागे-पुढे सरकते. रिकामं काडतूस मात्र डावीकडे उडतं, याची उजवीकडची सवय असलेल्यांना गंमत वाटते.

दुसरी सोय म्हणजे चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत) गोळी ठेवून घोडा खाली ठेवता येतो. पहिला बार करताना लांब, जड चाप ओढला की घोडा आपोआप उठून पडतो. पुढचे बार हलक्या चापाने होतात. चेंबर भरलेलं असेल तर स्लाइडच्या मागच्या टोकाला, घोड्याच्या वर, एक बारीक पिन बाहेर येते. अंधारात ती बोटाला लागते.

दुखणं सेफ्टीत आहे. सेफ्टीचा खटका खाली केला की आधी फायरिंग पिन (काडतुसावर टोचून बार उडवणारी सुई) अडते आणि मग घोडा पडतो. सगळा भरवसा पिन अडवणाऱ्या त्या छोट्या भागावर. १९४४-४५ च्या घाईतल्या किंवा झिजलेल्या पिस्तुलात तो भाग दगा देतो आणि गोळी सुटू शकते. म्हणून जुन्या पी-३८ चा घोडा भरल्या चेंबरवर या खटक्याने कधीच पाडू नये, आधी रिकामं करावं. स्लाइडवरचं पातळ पत्र्याचं झाकणही सैल झालं तर बार करताना उडतं आणि खालचे सुटे भागही जातात.

संग्रहालयात पाहाल तर स्लाइडच्या डाव्या बाजूची अक्षरं वाचा, ती कारखान्याची खूण आहे. ‘एसी’ म्हणजे वॉल्थर, ‘बीवायएफ’ माउझर, ‘सीवायक्यू’ स्प्रीवेर्क. एसीच्या सोबत सालाचे दोन आकडे असतात, सीवायक्यूवर साल नसतं आणि त्यांच्यावर धातू कापणाऱ्या कटरच्या खुणाही उघड दिसतात. भारतात खाजगीत बाळगायचा विचार असेल तर ९ मिमी पॅराबेलम प्रतिबंधित बोअरमध्ये (नळीच्या मापाच्या गटात) येतं, सामान्य परवान्यावर मिळत नाही.

युद्धानंतर १९५७ पासून हेच पिस्तूल हलक्या मिश्रधातूच्या फ्रेमवर पश्चिम जर्मनीत पुन्हा बनू लागलं, पुढे त्याला पी-१ म्हणू लागले. आणि तो खाली पडणारा ठोकळा बेरेटा ९२ ने उचलला, जे अमेरिकी सैन्याने १९८५ मध्ये एम-९ म्हणून स्वीकारलं.