आमच्या नगरपरिषदेच्या हद्दीत नव्या वसाहती झपाट्यानं वाढताहेत. बागा-मैदानं कशी आखावीत आणि पैसा कुठून आणावा?

बांधायला पैसा मिळतो. जिल्हा नियोजन समिती, राज्याची नगरोत्थान योजना, आमदार निधी, कुठून ना कुठून सोय होते. केंद्राच्या अमृत योजनेत तर हिरव्या जागांसाठी अडीच टक्क्यांपर्यंत तरतूद होती. माळ्याचा पगार, पाणी आणि वीजबिल मात्र यांतलं कुणी देत नाही. ते घरपट्टीतूनच भागवावं लागतं. म्हणून मी उलटं सांगतो: आधी वर्षाचा देखभाल खर्च काढा, त्यासाठी अंदाजपत्रकात वेगळं लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं खातं, उघडा, मगच आराखडा काढायला घ्या.

हे इतक्या ठासून सांगण्यामागे एक बाग आहे. लेआउटमधली, म्हणजे प्लॉट पाडताना मोकळी सोडलेली, एकरभर ओपन स्पेस. त्यात २,००० चौरस मीटर हिरवळ, मधोमध कारंजं, कडेनं पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक, कोपऱ्यात झोपाळे आणि घसरगुंडी. आपल्याकडे उन्हाळ्यात हिरवळीला चौरस मीटरमागे दिवसाला पाचेक लिटर पाणी लागतं. म्हणजे रोज १०,००० लिटर, एक मोठा टँकर. अंदाजपत्रकात होती एक बोअर. एप्रिलात ती आटली आणि मे संपेपर्यंत हिरवळीच्या जागी तडे गेलेली माती उरली. त्याच जागेत कडुनिंब, करंज, बहावा अशी १५० झाडं लावली असती, तर आळ्यात पालापाचोळा घालून आठवड्याला झाडामागे ४० लिटर पाण्यात भागलं असतं. आठवड्याचे ६,००० लिटर, तेही पहिले तीन उन्हाळेच. हा हिशेब मी तेव्हाच लेखी दिला होता. हिरवळ उद्घाटनाच्या फोटोत चांगली दिसते, एवढ्याच कारणावर ती मंजूर झाली.

ट्रॅकचंही तेच. खाली काळी माती. ती पावसात फुगते, उन्हात आकसते. ती उकरून मुरूम भरून, थर देऊन रोलरनं दाबला नाही, तर दोन पावसाळ्यांत ब्लॉक वरखाली होतात आणि म्हातारी माणसं अडखळतात. चालायला दाबलेला मुरूम पुरतो. फक्त १०० फुटांना दोन-तीन फूट या प्रमाणात आडवा उतार आणि कडेला चर हवी, नाहीतर पाणी तुंबतं.

झोपाळ्याचे पाय जमिनीच्या रेषेवर गंजून मोडतात. कारण एकच: काँक्रीट जमिनीखाली थांबवतात, मग पाइपाभोवती वाटीसारखा खड्डा राहून त्यात पाणी साचतं. काँक्रीट जमिनीच्या वर दोन-तीन इंच आणून चारी बाजूंनी उतरतं करा. अंदाजपत्रकात ही एक ओळ घातली की काम झालं, खर्च नगण्य. खेळण्यांखाली फूटभर जाड वाळू ठेवा आणि दर महिन्याला ती खणून सैल करा. दबलेली वाळू फरशीइतकीच कडक लागते.

आता जागा. नगरनियोजनाच्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार ५,००० वस्तीला अर्धा हेक्टर बाग हवी, १५,००० ला एक हेक्टर. हातात येतं काय? ४,००० चौरस मीटरच्या लेआउटमध्ये १० टक्के, म्हणजे ४०० चौरस मीटर, तेही नाल्याकडेचा त्रिकोणी तुकडा. असे बारा-तेरा तुकडे जोडाल तेव्हा अर्धा हेक्टर होतो. म्हणून मंजुरी देतानाच शेजारच्या लेआउटची ओपन स्पेस एकमेकींना लागून पाडून घ्या. हे नगररचनाकाराच्या टेबलावर फुकटात होतं, नंतर कोटी घालूनही होत नाही. मंजुरी झाली की सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर नगरपरिषदेचं नाव लावून, मोजणी करून, तारेचं कुंपण घाला. नाव जुन्याच मालकाचं राहिलं तर दहा वर्षांनी तिथं बागेऐवजी कोर्टाची तारीख मिळते.

विकास आराखड्यात बागा-मैदानांसाठी राखून ठेवलेल्या जागांच्या आरक्षणाला मुदत असते. आराखडा अंमलात आल्यापासून १० वर्षांत जागा घेतली नाही, तर १९६६ च्या नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली मालक सूचना देऊ शकतो आणि पुढच्या २४ महिन्यांत संपादनाचं पाऊल पडलं नाही तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप रद्द होतं. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं शहरी जागेचा मोबदला, सक्तीनं जागा घेतल्याबद्दलच्या दिलाशाच्या रकमेसह, बाजारभावाच्या जवळपास दुप्पट होतो. लहान नगरपरिषदेला हे झेपत नाही आणि लहान गावात टीडीआरला, म्हणजे जागेच्या बदल्यात मिळणाऱ्या, दुसरीकडे विकता येणाऱ्या बांधकाम हक्काला, गिऱ्हाईक नसतं. म्हणून बांधकाम परवानगीच्या वेळी घेतलेल्या विकास शुल्काची रक्कम रस्त्यांच्या बिलांत जिरू न देता दरवर्षी काही हिस्सा जागेसाठी बाजूला ठेवा. सहाव्या-सातव्या वर्षीच एखाददुसरी मोठी जागा घ्या.

मैला शुद्धीकरण केंद्राचं प्रक्रिया केलेलं पाणी बागेपर्यंत नळानं येत असेल तर हिरवळीला माझी हरकत नाही. हद्दीबाहेरच्या ग्रामपंचायतीतल्या लेआउटची मंजुरी दुसऱ्या कार्यालयात होते, तिथं वरचं सगळं जसंच्या तसं लागू पडणार नाही.

त्या बागेच्या वेळी मला विचारलं गेलं होतं, “नुसतं मोकळं मैदान दिलं तर काम काय दाखवायचं?” मैदानाला सपाटीकरण लागतं, चर लागते, कडेला सावलीची झाडं, पाण्याचा नळ, दिवे आणि मुलींसाठी स्वच्छतागृह लागतं. हे सगळं मोजमाप पुस्तकात नोंदवता येतं. कारंज्याचे पैसे यात घातले असते तर त्या वसाहतीतली मुलं आज रस्त्यावर क्रिकेट खेळत नसती.