शिबिराच्या शेवटी प्रयोग ठेवू नकोस

पोरी,

तुझा निरोप पोचला. सांगली-मिरजेतल्या पाच-सहा नाट्यसंस्थांच्या मंडळींना तीन दिवस एकत्र ठेवायचं तुझ्या मनात आलं, याचाच मला फार आनंद झाला. सोबतचं वेळापत्रकही वाचलं. सकाळी सहाला योगासनं, मग आवाजाचं सत्र, मग देहबोली, दुपारी अभिनय, रात्री चर्चा आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी निमंत्रितांसमोर सादरीकरण. वाचता वाचता माझं पहिलं शिबिर डोळ्यांपुढं आलं. तेव्हा पत्र लांबलं तर वाचून घे.

तेही मी असंच भरगच्च आखलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारपासून सगळ्यांच्या डोक्यात एकच, मुख्य काम कुणाला मिळणार. चुणचुणीत मुलांना मोठी कामं मिळाली, बाकीची गर्दीत उभी राहिली. लाइटचं काम करणारा एक मुलगा आला होता. तीन दिवस तो व्हरांड्यात वायरी गुंडाळत बसला. त्याला कुणी नावानं हाक मारलेली माझ्या कानावर आली नाही. प्रयोग रंगला, टाळ्या पडल्या, फोटो निघाले. आणि परतीच्या एसटीत जो तो आपापल्या संस्थेच्या घोळक्यात जाऊन बसला, येताना बसला होता तसाच. मी पुढच्या सीटवर खिडकीकडं तोंड करून रडले. चूक माझीच होती. प्रयोग लागला की आपण नाटकवाले लगेच स्पर्धेत उतरतो, हे मला कळायला हवं होतं.

म्हणून सगळ्यांत आधी ते शेवटचं सादरीकरण काढून टाक. प्रमाणपत्रं नकोत, प्रमुख पाहुणे नकोत, दीपप्रज्वलन नको. तुला जे हवंय, संस्थांमधला जिव्हाळा, ते या गोष्टींनी येत नाही. ते कशानं येतं, हे मला 2019 च्या ऑगस्टमध्ये कळलं.

त्या वर्षी आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45, तू सांगलीचीच, तुला सांगायला नको. आमच्या तालमीच्या खोलीत पाणी कमरेच्या वर होतं. ओसरल्यावर दार उघडलं तर कपडेपटाच्या पेट्या चिखलानं भरलेल्या. मी आणि दोन मुलं बादल्या घेऊन बसलो होतो. तेवढ्यात ज्या संस्थेशी आमचं चार वर्षं बोलणं नव्हतं, तिथली चौघं खराटे घेऊन दारात उभी राहिली. बोललं कुणीच नाही. मखमली पडदा सहा जणांनी धरून पिळला, तरी प्रत्येक पिळ्याला तांबडं पाणी निघतच होतं. पुठ्ठ्याचे मुकुट भिजून पावासारखे फुगले होते. एका मुलीनं त्यावरचे आरसे एकेक सोडवून ताटलीत जमा केले. दुपारी कुणीतरी खिचडी आणली आणि खाता खाता चार वर्षांपूर्वीचा तो विषय आपसूक निघाला. अर्ध्या तासात मिटला. त्यातले दोघं पुढं आमच्या नाटकात नेपथ्याला आले.

पूर कुणावर येऊ नये. पण खोटं खोटं नसलेलं, हात मळवणारं काम माणसांना जवळ आणतं, एवढं मी त्या दिवशी शिकले. तुझ्या शिबिरात तसं काम ठेव. प्रत्येक संस्थेकडं मोडकी लेव्हल म्हणजे स्टेजवरचे चौथरे, फाटके फ्लॅट म्हणजे नेपथ्याच्या कापडी भिंती, उसवलेले शेले पडलेले असतात. ते घेऊन यायला सांग आणि रोज सकाळचे तीन तास दुरुस्तीला दे. एका संस्थेचा फ्लॅट दुसऱ्या संस्थेच्या मुलानं ठोकायचा, एवढाच नियम. जाताना कुणाकडं काय आहे याची एक वही तयार होऊ दे. कुणाकडं लाइट कमी-जास्त करायचा डिमर, कुणाकडं दहा फुटी काळे पडदे, कुणाकडं पेशवाई पगड्या. स्पर्धेच्या आदल्या रात्री हीच वही उपयोगी पडते.

जागेचं बोलू. पाचगणीचं रिसॉर्ट विसर, तिथं जो तो आपल्या खोलीत जाऊन बसेल. हरिपूर मनाला फार ओढतं, नाटककार देवलांचं गाव आणि कृष्णा-वारणेचा संगम. पण ते सांगलीला इतकं चिकटून आहे की रात्री निम्मी मंडळी घरी झोपायला जातील. मी औदुंबर सुचवीन. भिलवडी स्टेशन जवळ आहे, घाटावर सावली आहे आणि रात्री नऊनंतर फक्त नदी. कवी सुधांशूंचं गाव ते, दर संक्रांतीला तिथं साहित्य संमेलन भरतं, त्यामुळं लिहिणारी-बोलणारी माणसं गावाला नवी नाहीत. मात्र दत्ताचं स्थान आहे. देवळाच्या वेळा आणि शांतता सांभाळायची, मांसाहाराचा विषय काढायचा नाही, हे आधीच सगळ्यांना सांग.

महिना फेब्रुवारी धर. नोव्हेंबरमध्ये रंगभूमी दिन होतो, पाठोपाठ राज्य नाट्य स्पर्धा, मग एकांकिकांची धावपळ. फेब्रुवारीत जरा श्वास असतो. पावसाळ्यात कृष्णाकाठी कुणालाही नेऊ नकोस.

माणसं तिसाच्या वर नकोत. प्रत्येक संस्थेला चौघं पाठवायला सांग आणि त्यातले दोघं तरी पडद्यामागचे हवेत, ही अट लेखी घाल, नाहीतर चारही नट येतील. संगीत नाटकाला ऑर्गनची साथ करणारं कुणीतरी बोलाव. तमाशातला एखादा ढोलकीवाला बोलाव. पठ्ठे बापूराव आपल्याच जिल्ह्यातल्या रेठरे हरणाक्षचे, हे आपण भाषणात अभिमानानं सांगतो. तमाशाच्या कलावंताला स्टेजवर हारही घालतो, पण पंगतीला शेजारी बसवत नाही. तू बसव. त्याला व्याख्यान द्यायला लावू नकोस, तीन दिवस आपल्यात राहू दे. माझ्या एका शिबिरात वीज गेली तेव्हा सगळे अंधारात शेंगा फोडत बसले होते. एक म्हातारे ढोलकीवाले सहज म्हणाले, नाचणारीच्या पायाकडं बघून वाजवलं तर हात मागंच राहतो, तिच्या श्वासाकडं लक्ष ठेवायचं. शेंगा फोडणारे हात थांबले. ज्या नटीला सहकलाकाराचं वाक्य संपायच्या आत आपलं वाक्य टाकायची सवय होती, ती दुसऱ्या दिवशी थांबायला लागली. मी तिला वर्षभर तेच सांगत होते.

नाटकाचा खेळ एकच ठेव, आणि तो आपल्याच गावचा. 5 नोव्हेंबर 1843 ला विष्णुदास भाव्यांनी सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांच्यापुढं ‘सीता स्वयंवर’ केलं, हे आपण शाळेपासून ऐकतो. ते झालं कसं, हे मुलांना फारसं माहीत नसतं. कर्नाटकातल्या कर्की गावच्या भागवत मंडळींचे खेळ बघून चिंतामणरावांना मराठीत तसं काही हवं होतं. भाव्यांच्या खेळात सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं त्या प्रसंगाला धरून आयत्या वेळी बोलायची. संहिता पाठ नाही, म्हणजे समोरचा काय म्हणतोय ते ऐकल्यावाचून गत्यंतर नाही. तेच कर. एकानं ओळखीची गोष्ट ओवीत, पोवाड्यात, जमेल तशी गायची. बाकीच्यांनी त्यात शिरून बोलायचं. लाइटच्या मुलाला सूत्रधार कर. आणि मोबाइल बाहेर. याचा व्हिडिओ निघतोय म्हटलं की नट ऐकायचं सोडून दिसायला लागतो.

स्वयंपाकाला आचारी ठेव, पण चिरणं, वाढणं, भांडी या तुकड्या संस्था मिसळून कर. कृष्णाकाठची वांगी त्या दिवसांत मिळतात. भरीत करायला दहा जणांना चुलीभोवती बसव.

दुसऱ्या रात्री मनातलं बोलायला वेळ ठेव. आपल्याकडं नट पळवल्याचे, तारखा अडवल्याचे, स्मरणिकेत नाव गाळल्याचे राग वर्षानुवर्षं साठलेले असतात. स्वतःवर काय गुदरलं तेवढंच सांगायचं, हजर नसलेल्या माणसाबद्दल बोलायचं नाही, मध्ये तोडायचं नाही. कुणी रडलं तर लगेच समजूत घालायला धावू नकोस. आणि त्या रात्री समेटाची घाई करू नकोस. सकाळी ठोकाठोकीला बसले की पुढचं त्यांचं ते बघतात.

मुलींचं फार काटेकोरपणे बघ. निजायची खोली वेगळी आणि आतून कडी असलेली. कुणाचं वागणं खटकलं तर कुणाशी बोलायचं, त्या दोघींची नावं पहिल्याच सकाळी सगळ्यांसमोर सांग. ज्यांच्या घरून परवानगी मिळत नाही त्यांच्या घरी तू स्वतः जा, आईशी बोल, चहा घे. मी नाटकात राहिले ते एक बाई आमच्या घरी येऊन माझ्या आईशी तासभर बोलल्या म्हणून.

पैसे सगळ्यांकडून सारखे घे, विद्यार्थ्यांकडून निम्मे. ज्याला तेही जमत नाही त्याचं नाव फक्त तुलाच ठाऊक असू दे.

पुरातल्या त्या कपडेपटाची एक पेटी माझ्याकडं अजून आहे. शालू आहेत, दोन अंगरखे आहेत आणि मुकुटांवरून सोडवलेले ते आरसे डब्यात ठेवलेत. शिबिरात ते पुन्हा कशावर तरी चिकटवून घ्या. पेटी जड आहे, न्यायला दोघं पाठव. पण एकाच संस्थेतले नकोत.

तुझी,
ताई