खोली नंतर बघा, रात्रीच्या दोनचं आधी विचारा

स्टुटगार्टहून एका ताईंचं पत्र आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, सांगलीला करायचं, तारीख ऑगस्टची. आईने एक खासगी हॉस्पिटल बघून ठेवलंय, एसी खोली, जेवणासकट पॅकेज. नाव घालू का, असं विचारतात.

ताई, एवढ्यावर घालू नका. आपल्याकडच्या बऱ्याच लहान प्रसूतिगृहांत डॉक्टर एकच असतात, नाहीतर नवरा-बायको दोघं. भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ फोन केल्यावर येतात. त्यात वावगं काही नाही, माझी दोन्ही बाळंतपणं अशाच ठिकाणी झाली. पण भाचीच्या वेळी मध्यरात्री सिझर ठरलं आणि भूलतज्ज्ञ दुसरीकडे अडकलेले. पाऊण तास आम्ही जिन्यात बसून होतो. (बाळ ठणठणीत आहे, आता शाळेत जातं.) तेव्हा आईंना परत पाठवा आणि विचारायला सांगा: रात्री दोनला भूलतज्ज्ञ किती मिनिटांत येतात? रक्त कुठल्या पेढीतून आणतात? बाळाला पेटीत ठेवायची वेळ आली तर पेटी इथेच आहे, की मिरजेला न्यावं लागतं? मिरज काही लांब नाही, दहाएक किलोमीटर, आणि दवाखान्यांचंच गाव ते. पण बाळ तिकडे आणि बाळंतीण इकडे, ही ओढाताण आधी माहीत असलेली बरी.

ऑगस्ट म्हटल्यावर सांगलीकराला दुसरंच आठवतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत कृष्णेचं पाणी शहरात शिरलं होतं. आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. त्या दोन्ही पुरांत हॉस्पिटलचा रस्ता चालू होता का, हे शेजारच्या दुकानदाराला विचारा, तो खरं सांगेल. माहेर गावभागात, म्हणजे नदीकडच्या जुन्या वस्तीत असेल तर शेवटचे पंधरा दिवस उंचावरच्या नातेवाइकांकडे मुक्काम हलवा.

सिझर किती होतात हे विचारायला संकोचू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या खासगी दवाखान्यांत ते ४७ टक्क्यांवर होतं, सरकारीत १४. डॉक्टर प्रश्नावर चिडले, तर तेही एक उत्तरच. पॅकेज नॉर्मलचं वेगळं, सिझरचं वेगळं असतं. पेटीचं रोजचं भाडं त्यात धरलंय का, ते लेखी घ्या. तिकडचा विमा इथे चालतो का, हेही निघण्याआधी लेखीच.

तुमच्याकडे कळांच्या वेळी नवरा शेजारी असतो. इथे बऱ्याच ठिकाणी त्याला बाहेरच्या बाकावर बसवतात. आत घेणार का ते आधीच ठरवा, जावईबापू एवढ्या लांबून बाकावर बसायला येत नाहीत.

विमानाचं म्हणाल तर २८ आठवड्यांनंतर बहुतेक कंपन्या डॉक्टरांचं पत्र मागतात, ३६ नंतर बहुधा घेतच नाहीत. तिकडचे सगळे रिपोर्ट, रक्तगटासकट, इंग्रजीत करून आणा. तुमचा गट निगेटिव्ह असेल तर पहिल्याच भेटीत सांगा.

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी, कागद हॉस्पिटलच महापालिकेकडे पाठवतं. त्या फॉर्मवर दोघांची नावं पासपोर्टमधल्या स्पेलिंगप्रमाणे तुम्ही स्वतः लिहा. काउंटरवरचा मुलगा घाईत आडनाव चुकवतो, मग बाळाच्या पासपोर्टसाठी तोच दाखला दुरुस्त करत बसावं लागतं. परतीचं तिकीट तोवर काढू नका.