गेलेली गाय क्लोनिंगने परत आणावी का?

तुम्ही विचारलंय की दहा वर्षं सांभाळलेली गीर गाय गेली, कर्नालला गीरीचा क्लोन झाल्याचं वाचलं, मग तसं करण्यात चूक काय? द्राक्षाची कलमं चालतात, तर गाय का नको, आणि उद्या माणूस का नको?

मी निफाड तालुक्यात अठरा वर्षं जनावरांचा डॉक्टर आहे, आणि घरची द्राक्षबाग आहे. म्हणून दोन्हींबद्दल सांगतो.

बागेतलं थॉमसन जातीच्या द्राक्षाचं प्रत्येक झाड क्लोनच, म्हणजे एकाच मूळ झाडाची नक्कल. वडील डॉगरिज या दुसऱ्या द्राक्षजातीच्या खुंटावर पाचर कलम भरतात. काडीला दोन्हीकडून तास, खुंटाला चीर, सालीला साल भिडवायची आणि वर पट्टी घट्ट. नाही जमलं तर काडी वाळते, पुन्हा भरायची. त्यात कुणाला कळ येत नाही. तोटा म्हणाल तर सगळी झाडं एका रक्ताची, त्यामुळे डावणीचा रोग आला की पूर्ण प्लॉटवर सारखाच येतो.

गाईचं तसं कसं म्हणू? कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत १६ मार्च २०२३ ला गंगा ही गीर कालवड जन्मली, ३२ किलोची. पेशी गीर गाईची, बीजांड साहिवाल गाईचं. बीजांडातलं केंद्रक काढून त्यात गीरीची पेशी जोडली, सात-आठ दिवस प्रयोगशाळेत वाढवलं, मग तिसऱ्याच गाईच्या गर्भाशयात सोडलं. काम मोठंच आहे, मला त्याचा अभिमान आहे. पण एडिंबराजवळ १९९६ साली डॉली ही क्लोन मेंढी झाली तेव्हा २७७ प्रयत्नांतून २९ भ्रूण हाती आले, ते १३ मेंढ्यांच्या पोटात ठेवले, आणि जिवंत कोकरू एक. कर्नाललाच फेब्रुवारी २००९ मध्ये जन्मलेलं म्हशीचं पहिलं क्लोन पारडू काही दिवसांत गेलं. पुढची क्लोन पारडी गरिमा दोनेक वर्षं जगली. नंतरची गरिमा-२ मात्र मोठी झाली आणि २०१३ मध्ये व्यालीसुद्धा. तंत्र सुधारलंय हे खरं. तरी न जगलेल्यांचा हिशेब मला विसरता येत नाही, कारण मेलेलं वासरू काय असतं ते मी गोठ्यात पाहिलंय.

क्लोन वासरं पुष्कळदा पोटात वाजवीपेक्षा मोठी होतात, वारेत दोष राहतो. मोठं वासरू म्हणजे काय ते सांगतो. जानेवारीतली रात्र, निफाडची थंडी, संकरित गाय अडलेली. क्लोनचा काही संबंध नव्हता, साधीच पहिलारू. खांद्यापर्यंत हात घातला तर पुढचे पाय लागले, डोकं वाटेत अडकलेलं. पायांना दोऱ्या बांधून चौघांनी ओढलं. दीड तासाने वासरू आलं ते मेलेलं. गाय मान वळवून त्याला चाटत राहिली, आणि मालकाची आई बाजूला उभी राहून तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. नैसर्गिक गर्भात असं कधीतरी घडतं. क्लोनिंगमध्ये याची शक्यता वाढते हे माहीत असून भाड्याच्या गाईला आपण त्यात लोटतो. दुर्मिळ जात वाचवायला, औषधासाठी, एवढं कारण असेल तर मी ऐकून घेईन. एका घरच्या दुःखासाठी मला ते पटत नाही.

शिवाय येणारी तुमची गाय नसेल. २००१ साली टेक्सासमध्ये तिरंगी मांजरीचा क्लोन केला, तर पिल्लाचे रंग मूळ मांजरीसारखे आले नाहीत. कातडीवरचं जुळलं नाही, तर स्वभाव कुठून जुळणार? पूर्वी वासरू मेलं की कातड्यात पेंढा भरून गाईपुढे ठेवत, म्हणजे ती पान्हा सोडायची. माझ्या आजोळी ते मी लहानपणी पाहिलंय. गाय ते पेंढ्याचं वासरू चाटायची. क्लोन मागणाऱ्या माणसाकडे पाहिलं की मला ती आठवते, आणि राग येत नाही, जीव तुटतो.

माणसाचं विचाराल तर माझं उत्तर ठाम नाही असंच आहे. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांत माणसाचं पुनरुत्पादक क्लोनिंग मनाई आहे, आणि ते योग्यच. डॉलीच्या आधी जे फसले ते भ्रूण मेंढीचे होते. इथे फसलेली लेकरं कुणाची? आणि निरोगी जन्मलं तरी? लोक जुळ्यांचं उदाहरण देतात. पण जुळी एकत्र येतात, दोघांपैकी कुणी आधी आयुष्य जगून ठेवलेलं नसतं. गेलेल्या मुलाच्या जागी आणलेल्या पोराला मात्र भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोशी रोज मोजलं जाईल. तो गणितात नापास झाला तर 'तो तर हुशार होता' हे त्याला किती वेळा ऐकावं लागेल?

तुमच्या गाईची पहिल्या वेताची कालवड गोठ्यात आहे असं तुम्हीच लिहिलंय. तिच्यात अर्धं रक्त आईचं आहे. तिच्या माजाच्या तारखा वहीत लिहायला लागा, गीरच्या सिद्ध वळूचं रेतन मागा, आणि त्या वळूच्या आईच्या दुधाची नोंद दाखवल्याशिवाय रेतनाची कांडी भरू देऊ नका.