गाडीचा भोंगा आणि आदल्या रात्रीची भीती

नेरूळच्या वाचक भगिनींस,
सप्रेम नमस्कार.

तुमचा नऊ वर्षांचा ऑटिस्टिक मुलगा ठाण्याला थेरपीसाठी लोकलने जात असे. पावसाळ्यात एकदा फलाटावर अगदी कानाशी भोंगा वाजला आणि तेव्हापासून तो स्टेशनच्या जिन्यापाशीच बसकण मारतो, आदल्या रात्री ‘उद्या गाडी?’ असे पुन्हापुन्हा विचारतो, असे तुम्ही लिहिले आहे. सासूबाई म्हणतात, उचलून डब्यात बसवा; पती म्हणतात, गाडीचा विषयच सोडा. माझ्या मते दोघांचेही ऐकू नका.

भोंग्याचा आवाज त्याच्या कानांना खरोखरच सहन होत नसावा. तो हट्ट नव्हे, आणि जबरदस्तीने सवय लावून ती संवेदनशीलता जाईल असेही नाही. तेव्हा कान झाकणारे हेडफोन बिनदिक्कत द्या. लोक बघतात, बघू देत. मात्र आवाजाचा मागमूस नसताना आदल्या रात्रीपासून जे त्याला पोखरते ती चिंता आहे, आणि तिच्यावर उपचार होऊ शकतात. अमेरिकेत 7 ते 13 वयाच्या 167 ऑटिस्टिक मुलांवर केलेल्या आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेहमीच्या कॉग्निटिव्ह बिहेव्हियर थेरपीने (भीतीमागचे विचार आणि वागणे हळूहळू बदलायला शिकवणाऱ्या उपचाराने) मुलांची चिंता कमी झालीच, पण ऑटिझमला जुळवून घेतलेल्या थेरपीने ती अधिक कमी झाली. जुळवून घ्यायचे म्हणजे नुसत्या बोलण्याऐवजी चित्रे वापरायची, भीती 0 ते 5 अशा रंगीत पट्टीवर दाखवायला शिकवायचे, मुलाच्या आवडीचा विषय सत्रात आणायचा आणि आईवडिलांना सोबत घ्यायचे.

थेरपिस्टच्या सल्ल्याने पायऱ्या ठरवा. भोंग्याचे रेकॉर्डिंग आधी घरी, मोबाइलचा आवाज त्याच्याच हातात ठेवून. मग स्टेशनबाहेर उभे राहून गाड्या बघणे. मग दुपारच्या निवांत वेळी फलाट. आणि शेवटी नेरूळ ते जुईनगर एवढाच प्रवास. पट्टीवरचा आकडा खाली आल्याशिवाय पुढची पायरी नको, आणि एखाद्या दिवशी मागच्या पायरीवर यावे लागले तर त्याचा बाऊ करू नका. थेरपीला तूर्त रिक्षाने जा, हा सराव वेगळ्या दिवशी करा. नाहीतर थेरपीचीच धास्ती बसेल.

‘उद्या गाडी?’ या प्रश्नाला दहा वेळा धीर देणे आईला साहजिक वाटते, पण प्रत्येक उत्तराचा दिलासा क्षणभर टिकतो आणि प्रश्न आणखी पक्का होतो. कॅलेंडरवर गाडीच्या दिवशी गाडीचे, एरवी रिक्षाचे चित्र लावा. एकदा उत्तर द्या, नंतर न बोलता चित्राकडे बोट दाखवा. सुरुवातीला तो चिडेल, आणि घरातल्या सगळ्यांनी, सासूबाईंनीसुद्धा, हेच केले तरच याचा उपयोग होईल.

सध्याचे थेरपिस्ट चिंतेवर काम करत नसतील, तर नवी मुंबई महापालिकेच्या वाशीच्या ईटीसी या दिव्यांगांसाठीच्या शिक्षण-प्रशिक्षण केंद्रात किंवा बौद्धिक दिव्यांगजनांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेच्या खारघर येथील प्रादेशिक केंद्रात चौकशी करावी. झोप आणि जेवण तुटले असेल, तर बालमनोविकारतज्ज्ञांना लवकर दाखवा. त्यांनी औषध सुचवले तरी पायऱ्यांचा सराव चालू ठेवता येतो.