आधी ओल दाखव

प्रिय मुली,

परवा रात्री पावणेबाराला तुझा मेसेज आला. "मावशी, आधी रंग काढून घेऊ की आधी एजंट ठरवू?" खाली फ्लॅट विकायचा तर म्हणून तीन एजंटांनी सांगितलेले तीन भाव: ७२ लाख, ८० लाख, ९५ लाख. शेवटी एक रडका चेहरा. मी उत्तर दिलं नाही. सकाळी फिरायला निघाले ती तुमच्या घराची चावी घेऊनच.

आईच्या लोखंडी कपाटामागे हात घातला. बोटांना पांढरं, खारट पीठ लागलं. खारट कशावरून म्हणशील, तर जिभेला लावून बघितलं. हसू नकोस. भिंतीला लोणा लागलाय. कपाटाच्या डोक्यापासून खिडकीपर्यंत ओल आहे आणि छताला ताटाएवढा डाग, कडा तांबूस. तुला हे ठाऊक आहे, कारण रंगाऱ्याचं कोटेशन टेबलावरच पडलं होतं आणि त्यात "बेडरूमची भिंत, डॅम्पप्रूफ पुट्टी, वर दोन हात" असं स्वच्छ लिहिलंय.

तेव्हा रंग आणि एजंट दोन्ही जरा बाजूला ठेव. ओल दाखव. घर बघायला जो कोणी येईल त्याला आधी ती भिंत दाखव, मग हॉल, मग बाल्कनीतून दिसणारा गुलमोहर. माझं म्हणणं एवढंच आहे. पत्र इथे घडी करून ठेवलंस तरी चालेल. पण तू ठेवणार नाहीस, आणि मलाही आता राहवणार नाही.

मी माझा फ्लॅट २००९ च्या डिसेंबरात विकला. आमचाही शेवटचाच मजला, डोक्यावर गच्ची. एजंट हुशार होता. सप्टेंबरात बोलावलं तर म्हणाला, "मॅडम, दिवाळी होऊ द्या. पाऊस गेला की भिंती बोलत नाहीत." रंगारीही त्यानेच आणला. खरवडून पुट्टी भरली, वर डिस्टेंपर मारला, कोपऱ्यात कपाट सरकवलं आणि उरलेल्या जागेवर कॅलेंडर टांगलं. घ्यायला आलेलं जोडपं शिक्षकाची नोकरी करणारं, बरोबर त्याची आई. त्या बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला. कॅलेंडरच्या अगदी शेजारी, दोन-तीन सेकंद. मी म्हटलं, "चहा घेणार ना?"

जुलैत फोन आला. भिंतीला फुगे आले होते आणि आजींचा दमा बळावला होता. मी म्हणाले, "आम्ही राहत होतो तेव्हा तर काही नव्हतं." त्यानंतर दोनदा फोन वाजला. मी उचलला नाही.

आणि मी कोण, तर बँकेत बावीस वर्षं काढलेली बाई, त्यातली नऊ होम लोनच्या टेबलावर. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, कलम ५५: विकणाऱ्याला माहीत असलेला, घेणाऱ्याला माहीत नसलेला आणि नेहमीची काळजी घेऊनही त्याला सापडला नसता असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने उघड केला पाहिजे. मला हे पाठ होतं. त्या दिवशी चहात साखर किती घालायची तेवढंच आठवत होतं.

आता हेही लिहिते, नाहीतर तू मला फारच वाईट समजशील. हे जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. लेकीची इंजिनिअरिंगची फी तोंडावर होती. ओल दाखवली असती तर दीड-दोन लाख नक्की तुटले असते, ते मी कुठून आणणार होते? सगळेच तसं करत होते, आजही करतात. शिवाय त्यांनी घर तीनदा पाहिलं, मी काही डोळ्यांवर पट्टी बांधली नव्हती. बघ, इतकी वर्षं झाली तरी मी वकिली करायला बसलेच.

म्हणून तुझ्या भिंतीवर पुट्टी लागू देणार नाही. चावी माझ्याकडे आहे.

ओल दाखवायची म्हणजे ती तशीच कुजवत ठेवायची असं नव्हे. आधी ती कुठून येते ते शोध. हातभर प्लास्टिकचा तुकडा घे, ओलीच्या जागी चारही बाजूंनी घट्ट चिकटपट्टी लाव आणि दोन दिवस विसरून जा. थेंब आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडून धरले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरून धरले तर तो खोलीतला दमटपणा, बंद घराला असतोच. भिंतीतूनच असेल तर गच्चीवर जा, टाकीच्या पायाशी आणि कठड्याच्या मुळाशी बघ. गच्चीची गळती दुरुस्त करणं उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीप्रमाणे, सोसायटीचं काम आहे, तुझ्या खिशातलं नाही. सेक्रेटरीला लेखी अर्ज दे आणि पोच घे. तोंडी सांगितलंस तर तो "बघू" म्हणेल. तुमचे सेक्रेटरी गेली चार वर्षं बघतायत. दुरुस्ती झाली तर बिल आणि गॅरंटीचा कागद फाईलला लाव, नाही झाली तर पोच लाव. मग घेणाऱ्याला भिंत आणि फाईल एकाच वेळी दाखव. ज्याला पहिल्याच भेटीत ओल दिसली तो एकदाच भाव पाडतो. ज्याला ती नंतर सापडते तो दर आठवड्याला पाडतो, आणि बाकी घरातही काय काय लपवलंय ते शोधत बसतो.

बाकी तयारीचं फार डोक्यात घेऊ नकोस. नळांचे वायसर बदल. मोरीत बादलीभर पाणी ओत आणि निचरा होतो का बघ. गेलेले बल्ब बदल. ओटा, टाईल्स, मॉड्युलर बिड्युलर अजिबात नको, येणारा पहिल्या महिन्यात ओटा फोडतो. माळा मात्र एकटीने रिकामा करू नकोस. वर आईचे डबे आहेत, तिच्या अक्षरात चिकटवलेल्या चिठ्ठ्यांसकट. मी येईन, आपण दोघी मिळून उतरवू.

दुसरी ओल फाईलमध्ये आहे, आणि ती भिंतीतल्यापेक्षा जुनी आहे. शेअर सर्टिफिकेट, म्हणजे सोसायटीच्या सभासदत्वाचा कागद, मी उघडून पाहिलं: पाच शेअर, पन्नास-पन्नास रुपयांचे, १९८८ चं, बाबांच्या नावावर. मागच्या बाजूचा हस्तांतराचा तक्ता कोरा. बाबांनी नॉमिनी म्हणून आईला लावलं होतं. बाबा गेल्यावर तिने नाव लावून घेतलं नाही, आणि आता तीही नाही. तू लिहितेस, "दादा म्हणालाय, तूच बघ सगळं." फोनवर म्हणालाय ना? नॉमिनी मालक नसतो, तो सांभाळणारा असतो. मालक वारस, म्हणजे तू आणि अमेरिकेतला दादा, दोघंही. घेणाऱ्याची बँक बहुधा वारस दाखला मागेल. तो १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली कोर्टातून निघतो. इंग्रज गेले, रेग्युलेशन राहिलं. त्याला महिने लागतात, म्हणून वकिलाकडे या आठवड्यात जा, रंगाऱ्याकडे नको. दादा येणार नसेल तर त्याचं कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित होऊन यायला हवं आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरायला हवा. शिवाय व्यवहार ५० लाखांच्या वरचा, म्हणून तुझ्या हिश्श्यावर घेणारा एक टक्का टीडीएस कापेल. दादा परदेशी राहणारा, त्याच्या हिश्श्यावर कितीतरी जास्त कापावा लागतो, आणि तो कमी करायचा तर आयकर खात्याचा दाखला विक्रीच्या आधी काढावा लागतो. सीएला हे सांग, आणि १ एप्रिल २००१ च्या किमतीचा मूल्यांकन रिपोर्टही त्यालाच विचार. हे सगळं टोकन घेतल्यावर सांगशील तर ती पुन्हा कॅलेंडरमागची भिंत झाली.

बाल्कनीचंही तसंच. बाबांनी ती बंद करून तुझी अभ्यासाची खोली केली, मंजूर नकाशात ती उघडीच आहे. सांगून टाक. आणि "सोसायटी रीडेव्हलपमेंटला चाललीय, दुप्पट जागा मिळेल" असं कोणाला म्हणू नकोस, एजंटालाही म्हणू देऊ नकोस. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती लागते. तुमच्याकडे अजून सभेत नुसता चहाच झालाय.

आता एजंट. तू तिघांचे भाव पाठवलेस, तिघांचे प्रश्न कुठे आहेत? पंच्याण्णव म्हणणाऱ्याने भाव सांगितला नाही, तुझा फ्लॅट आपल्या वहीत ओढायला आमिष दाखवलं. दोन महिन्यांनी हाच माणूस "मॅडम, मार्केट डाऊन आहे" म्हणत ऐंशीवर आणेल, आणि तोवर तुझा धीर सुटलेला असेल. भाव एजंटाला विचारू नये. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्च आहे, तिथे तुमच्या आणि शेजारच्या बिल्डिंगमधल्या गेल्या दोन वर्षांतल्या खरेद्यांचे सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या खरेदीच्या तपशिलाचे उतारे, काढ. त्यात "मोबदला" असा रकाना असतो. शेजारचा रकाना "बाजारभाव", तो सरकारी रेडीरेकनरचा, म्हणजे मुद्रांकासाठी सरकारने ठरवलेल्या दराचा, त्याला हुरळू नकोस. मोबदला भागिले चटई क्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतली जागा, झाला तुझा भाव. आणि क्षेत्र टेप लावून मोज. तिघेही "साडेआठशे" म्हणतायत ते सुपर बिल्ट-अप आहे, जिना आणि भिंती धरून. मी आणि वॉचमनने काल मोजलं, आतून ५९४ भरलं. जाहिरातीत ५९४ च लिहायचं. हीसुद्धा ओलच.

मग तिघांना वेगवेगळ्या वेळी बोलाव. कपाट आधीच दोन फूट पुढे ओढून ठेव आणि तू काही बोलू नकोस. ज्याचं भिंतीकडे लक्षच गेलं नाही तो तुझं घर विकणार नाही, फोटो विकेल. जो "रंग मारून घ्या, काही दिसत नाही" म्हणेल त्याला चहा पाज आणि वाटेला लाव. तो आज घेणाऱ्यापासून भिंत लपवतोय, उद्या घेणाऱ्याची ऑफर तुझ्यापासून लपवेल. जो विचारेल, "वर गच्ची आहे का? सोसायटीला कळवलंय? शेअर सर्टिफिकेट कोणाच्या नावावर आहे?" त्याला ठेव. त्याचा शर्ट चुरगळलेला असला तरी, स्कूटरवर येत असला तरी.

महारेराचा, म्हणजे राज्याच्या घरबांधणी नियामकाचा, नोंदणी क्रमांक विचार. नोंदणीची सक्ती नोंदणीकृत प्रकल्पांतल्या विक्रीसाठी आहे, तुझ्या १९८८ च्या फ्लॅटला ती लागू होत नाही. पण २०२३ पासून या एजंटांना प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते, म्हणजे निदान चार नियम त्याच्या कानावरून गेलेले असतात. यापलीकडे त्या क्रमांकाला मी मान देत नाही.

एकालाच दे, दोन महिन्यांसाठी, लेखी. पाच जणांना दिलंस की एकच फ्लॅट पाच किमतींना झळकतो आणि घेणाऱ्याला वाटतं बाई घायकुतीला आली. दलाली किती, एक टक्का की दोन, त्यावर जीएसटी आहे का, आणि समोरच्याकडूनही घेणार का, हे तोंडावर विचार. बहुतेक जण दोन्हीकडून घेतात, त्यात पाप नाही, फक्त ते तुला माहीत हवं. अर्धी साठेखताला, म्हणजे विक्रीचा करार होताना, अर्धी ताबा देताना. "थोडी कॅश चालेल का?" असं विचारलं की सरळ नाही म्हण. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याने बंद आहे, आणि मलाही चालणार नाही.

सोसायटी हस्तांतराच्या वेळी देणगी मागेल. महापालिका हद्दीत अधिमूल्य (प्रीमियम) जास्तीत जास्त २५,००० रुपये, हस्तांतर शुल्क ५००. माझ्याकडून "ऐच्छिक" म्हणून लाखभर काढले होते आणि मी मुकाट्याने दिले. तेव्हा भांडायचं तोंड उरलं नव्हतं.

एवढं लिहून मी पुन्हा वाचलं. जरा जास्तच दटावलंय. पण तुझी आई असती तर तिने मला विचारलं असतं, "तू तुझ्या वेळी काय केलंस?" तिला सगळं ठाऊक होतं. त्या डिसेंबरात कॅलेंडर तिच्याच हातून टांगलं गेलं. स्टुलावर ती चढली होती, मी खालून खिळे देत होते.

रंगाऱ्याला मी आज फोन करून थांबवलंय, चिडू नकोस. संध्याकाळी जाऊन भिंतीला प्लास्टिक लावते. गुरुवारी काढेन आणि दोन्ही बाजूंचे फोटो पाठवेन. तोवर दादाला फोन कर, आणि या खेपेला त्याला लिहून द्यायला सांग.

तुझी,
मावशी