‘वित्तपुरवठा’ की ‘अर्थसाहाय्य’?

एका वाचकाचा प्रश्न: राष्ट्रीय विकासासाठी पैसा कुठून आणि कसा उभा करायचा याचा जो एकत्रित आराखडा विकसनशील देश आखतात, त्यातल्या ‘फायनान्सिंग’ला ‘अर्थसाहाय्य’ म्हणावं की ‘वित्तपुरवठा’?

‘अर्थसाहाय्य’ नको. ते वाचलं की माझं डोकं उठतं. साहाय्य करणारा दुसरा असतो. 2015 मध्ये आदिस अबाबाला भरलेल्या, विकासाच्या पैशावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत हे आराखडे पुढे आले, ते प्रत्येक देशाच्या स्वतःच्या धोरणाला धरून: कर, खासगी गुंतवणूक, कर्ज, परदेशी मदत, सगळं एकत्र मांडायचं. नाहीतर नियोजन खातं कामांच्या याद्या करत बसतं, तिजोरीची किल्ली अर्थखात्याकडे, आणि दोघांची गाठ अर्थसंकल्पाच्या तोंडावर! मदत हा यातला एक रकाना. शिवाय सवलतीचं असलं तरी कर्ज फेडावं लागतंच. देणगीदार देशसुद्धा 2018 च्या आकडेवारीपासून अशा कर्जातला सवलतीमुळे अनुदानासारखा ठरणारा भागच मदत म्हणून मोजतात. आपल्या बातम्यांत मात्र अख्खं कर्ज ‘मदत’.

पण खरी गंमत ‘वित्त’मध्ये आहे. हा शब्द संस्कृतच्या ‘विद्’ धातूपासून आला; विद् म्हणजे मिळणे, सापडणे. ‘गोविंद’मधला ‘विंद’ तोच. या धातूचं ‘मिळालेलं’ अशा अर्थाचं रूप एरवी ‘विन्न’ झालं असतं. पाणिनीने खास सूत्र घातलं, ‘वित्तो भोगप्रत्यययोः’: धन किंवा ख्याती असा अर्थ असेल तर ‘वित्त’. पैशाला व्याकरणातही सवलत! काही पंडित ‘वित्त’ला ‘जाणणे’वाल्या विद्‌ला जोडतात. अहो, जाणलेलं ते ‘विदित’. मग त्याचं काय करायचं?

म्हणजे वित्त हे ‘सापडलेलं’. आणि आराखड्याचं पहिलं काम तरी दुसरं काय असतं? कोणता पैसा आधीच येतोय, कुठे गळतोय, हे शोधणं. ‘फायनान्स’ची चाल उलटी. लॅटिन ‘फिनिस’ म्हणजे शेवट. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये देणं चुकतं करून प्रकरण मिटवणं, कैद्याच्या सुटकेची खंडणीसुद्धा. त्यांचा शब्द पैसे हातून गेल्यावर जन्मला, आपला हाती लागल्यावर.

हां, तुमचं उत्तर राहिलंच. ‘वित्तपुरवठा’ लिहा. ‘पुरवठा’ मला खटकतो, नळ सोडणारा पुन्हा दुसराच कुणीतरी वाटतो. ‘वित्तउभारणी’ जास्त आवडली असती, पण तिच्यात वाटप आणि देखरेख बसत नाही.